जगदाळ्यांची एकच थाप

दुबईत ‘पाच मिनिटांत पोचतो’ म्हणणाऱ्या माणसांची वाट बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. प्लंबर पाच मिनिटांत येतो, एसीवाला पाच मिनिटांत येतो, आणि आमचे यजमान तर देरा बाजारातल्या दुकानातून निघायच्या आधीच पाच मिनिटांवर आलेले असतात. वर सगळे ‘इन्शाल्ला’ जोडतात, म्हणजे उशीर झाला तर भांडायचं ते देवाशी. त्या अख्ख्या गावात ‘पाच मिनिटं’ हे दोन शब्द तोंडातून न काढणारा एकच माणूस मला भेटला. आमच्या शाळेचे ट्रान्सपोर्ट इन-चार्ज, जगदाळे.

नव्वदच्या दशकात मी दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका भारतीय शाळेत सायन्स शिकवत होते. जगदाळे साताऱ्याकडचे. आधी एसटीत कंडक्टर, मग कंट्रोलर, आणि मग कुणाच्या तरी ओळखीने थेट दुबई. बुटके, रुंद खांद्यांचे, चष्मा कायम कपाळावर. डोळ्यांवर घ्यायचा ते फक्त महत्त्वाचं काही बघायचं असलं तर, त्यामुळे दिवसातून एकदा तरी ते चष्मा शोधत फिरायचे आणि आम्ही कुणी सांगायचो नाही. शाळा सुटली की आवारात बसगाड्यांची रांग लागायची आणि मधोमध जगदाळे शिट्टी घेऊन उभे. “यल्ला, यल्ला, पुढे सरका! अरे हबीबी, बॅग आगे लेके बैठो! बाळा, खिडकीतनं हात आत घे!” एका दमात तीन-चार भाषा. पोरं त्यांना ‘यल्ला अंकल’ म्हणायची. पठाण ड्रायव्हर, मल्याळी ड्रायव्हर सगळे त्यांना भिऊन असत, कारण हा माणूस कुणाला पाठीशी घालत नसे. स्वतःलाही.

माझी त्यांच्याशी ओळख भांडणातूनच झाली. माझ्या बऱ्याच ओळखी तशाच झाल्या आहेत. मी तापाने रजेवर होते आणि निखिल, माझा मुलगा, वेळ उलटून गेली तरी घरी आला नव्हता. मी शाळेत फोन लावला.

“बाई, बस बंद पडलीय,” जगदाळे म्हणाले. “दुसरी पाठवलीय. पण ट्रॅफिक लई आहे. सव्वा तास धरा.”

“सव्वा तास? अहो, जरा बरं बोला की.”

“बरं बोललो तर तुम्ही तापात खाली उन्हात येऊन उभ्या राहाल. खरं बोललो तर एसीत पडून राहाल. कुठलं पाहिजे?”

मी रागाने फोन ठेवला आणि पडून राहिले. बस सव्वा तासाने आली. नंतर कळलं की याच सवयीपायी त्यांना वरून बोलणीही बसत. पालकांना ‘ऑन द वे’ म्हणून सांगत जा, असा हुकूम होता. जगदाळे म्हणाले, “सर, बंद पडलेली बस ऑन द वे कशी असेल? वेमध्ये आहे, पण ऑन नाही.” हळूहळू पालकांनाच ते पटलं. जगदाळे म्हणाले तास, तर तास. बायका निर्धास्तपणे कुकर लावायच्या.

हा हट्ट कुठून आला, ते मला त्यांच्या केबिनमध्ये चहा पिताना कळलं. भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं. वर्ष केव्हाच उलटून गेलेलं, पण वर कांचनजंगाचं चित्र होतं म्हणून ठेवलेलं. मी सहज विचारलं, तर जगदाळ्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

त्यांचा थोरला भाऊ पलटणीत होता. दार्जिलिंगच्या बाजूला काही वर्षं काढून सुट्टीवर आला, तेव्हा पारावर बसून सांगायला लागला की तिकडे एक डोंगर आहे, तो जमिनीला टेकतच नाही. खाली आपण, वर ढग, आणि ढगांच्याही वर डोंगर. गावाने हसून घेतलं. डोंगर म्हणजे सज्जनगड, अजिंक्यतारा, पायथा असलेला. बिनपायथ्याचा डोंगर कुणी बघितलाय? दादाचं नाव ‘थापाड्या’ पडलं ते पडलंच. पुढे तो काविळीने गेला.

“गेला त्या दिवशी पण लोक काय म्हणाले माहितीय, बाई? ‘थापाड्या गेला रे.’” जगदाळे चहाच्या कपात बघत होते. “तेव्हापासनं मी थाप मारत नाही. आमच्या घरातल्या सगळ्या थापा दादाच्या नावावर लागल्या. आता ती तरी थाप होती का, तेवढं मला बघायचंय.”

“हे काय, चित्र आहे की समोर,” मी म्हटलं.

“चित्रात नुसता डोंगर आहे. तो कशावर टेकलाय तिथं नेमक्या तारखा छापल्यात.”

म्हणून हा माणूस दर जुलैत दार्जिलिंगला जायचा. आधी पंधरा दिवस सातारा, मग बायकोला, म्हणजे मंगलवहिनींना घेऊन दार्जिलिंग. आता जुलैत दार्जिलिंगला जाणं म्हणजे न्हाणीघरात बसून सूर्य शोधण्यासारखं. पण आम्हा शाळावाल्यांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टातच, आणि डिसेंबरच्या छोट्या सुट्टीत जगदाळ्यांच्या बसगाड्यांचं पासिंग असे. तेव्हा जुलै तर जुलै. परत आले की गणपतीत दुबईतल्या आमच्या मराठी मंडळाचे लोक विचारायचे, “काय जगदाळे, यंदा दर्शन?” जगदाळे सगळ्यांसमोर सांगायचे, “नाही. ढग.” वहिनी मागून म्हणायच्या, “ह्यांच्या नादानं मी दरवर्षी तिकीट काढून ढग बघायला जाते. आमच्या घरावरनं फुकट जातात तेवढे.”

गंमत म्हणजे, डोंगर न बघितलेला हा माणूस दार्जिलिंगवरचा आमचा सगळ्यात मोठा जाणकार होता. कुणीही तिकडे निघालं की आधी जगदाळ्यांकडे. सिलिगुडीहून जीप घ्या पण मागच्या सीटवर म्हाताऱ्या माणसांना बसवू नका, वळणांनी पोटात ढवळतं. वाटेतल्या घूम गावाला स्वेटर हाताशी ठेवा, दहा पावलांत थंडी बदलते. बाजारातून चौरस्त्याला जायला रस्ता लांब आहे, पायऱ्या जवळ आहेत, पण पायऱ्या उतरायला घ्या, चढायला नको. छोटी आगगाडी पूर्ण घेऊ नका, घूमपर्यंतच घ्या, पुढे कोळशाचे कण डोळ्यांत जातात. आणि शेवटी ठरलेलं व्याख्यान: पॉइंट.

“आपल्या लोकांना महाबळेश्वरनं बिघडवलंय,” ते म्हणायचे. “कुठंही गेले की पहिला प्रश्न, किती पॉइंट आहेत? तिथले टॅक्सीवाले पण वस्ताद. सेव्हन पॉइंट, फाइव्ह पॉइंट, थ्री पॉइंट. उतरा, फोटो काढा, चढा. अरे, पॉइंट काय बसस्टॉप आहे? एक पॉइंट घ्या आणि बसा गप.”

दुबईत लोकांना अखंड पुढे ढकलणाऱ्या माणसाने हे सांगावं याचं आम्हाला हसू यायचं.

बाबा गेल्यावर आई सोलापूरहून माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिला काचबिंदू असल्याचं निघालं. बराच पुढे गेलेला. बाजूचं काही दिसायचं नाही. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसे, आणि नळी बारीक होत चाललेली. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंबांवर जमेल तेवढी टिकवू, असं डॉक्टर म्हणाले. किती दिवस, ते सांगायला तयार नव्हते. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर म्हणाली, “सोलापूर काय नि दुबई काय, जन्मभर ऊनच बघितलं. बर्फाचा डोंगर तेवढा बघायचा राहिला.” तक्रार नव्हती, वाणसामानातली एखादी वस्तू आठवावी तसं म्हणाली. मला मात्र रात्रभर काही सुचलं नाही.

शाळेच्या गॅदरिंगला मी तिला घेऊन गेले, तर ही बाई मला न विचारता जगदाळ्यांच्या पुढ्यात जाऊन उभी.

“जगदाळे, तुम्ही थाप मारत नाही म्हणे.”

“नाही, आई.”

“मग सांगा. जुलैत दिसेल का हो बर्फाचा डोंगर?”

“नाही दिसणार. मला एकदाही नाही दिसला.”

“मग तुम्ही का जाता?”

जगदाळ्यांनी डोकं खाजवलं. “नाही गेलो तर नक्कीच नाही दिसणार, म्हणून.”

“बरोबर आहे,” आई म्हणाली. “मग मीही येते.”

मी डिसेंबरचं सुचवून बघितलं. आई म्हणाली, “डॉक्टर देतोय का डिसेंबरची हमी?” देत नव्हता. त्या जुलैत आम्ही निघालो. आई, मी, निखिल, जगदाळे आणि मंगलवहिनी. यजमान दुकान सोडून येणार नव्हतेच. ‘तुम्ही पुढे व्हा, मी पाच मिनिटांत येतो’ असं त्यांनी म्हटलं नाही, एवढंच.

वर पोचलो तर सगळं पांढरं. झाडं पांढरी, घरं पांढरी, समोरच्या दुकानाची पाटीसुद्धा जवळ गेल्यावर वाचता येणार. निखिल जीपमधून उतरला, चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाला, “मॉम, देअर्स नथिंग हिअर. इट्स जस्ट व्हाइट.”

“सीट इज हिअर,” जगदाळे म्हणाले. “बैठो.”

आमचा जीपवाला पेम्बा. दर वर्षी तोच. जगदाळ्यांकडून ‘यल्ला’ शिकलेला. तरी धंदा म्हणून त्याने विचारून बघितलं, “सर, इस बार सेव्हन पॉइंट?”

“हबीबी, एकच पॉइंट,” जगदाळे म्हणाले.

तो पॉइंट म्हणजे चौरस्त्याच्या मागून टेकडीला वळसा घालून जाणाऱ्या रस्त्यावरचं एक बाक. उत्तरेकडे तोंड केलेलं. रोज सकाळी नाश्ता झाला की वरात तिकडे निघायची. आईला पायाखालचं दिसत नसे, म्हणून जगदाळे तिचा हात धरून अख्खा रस्ता पुकारत न्यायचे. “आई, पायरी. अजून एक पायरी. आता सपाट. उजवीकडं घोडं उभंय. डावीकडं त्याचं शेण. आता लोकरवाल्या बायका, मोजे विणतायत, लाल आहेत. आता चढ.” कंडक्टरने गावांची नावं पुकारावीत तसं. एरवी मी तिला धरून चालवायचे तेव्हा ती अवघडून चालायची, प्रत्येक पावलाला ‘थांब गं’ म्हणायची. जगदाळ्यांच्या हाताला धरून ती चक्क चालत होती. मी मागून बघत होते, आणि इतक्या दिवसांत आपल्याला हे सुचू नये याचं नवल करत होते. मी तिला फक्त सांभाळत होते, हा माणूस तिला गाव दाखवत होता.

बाकावर पोचलं की जगदाळे खांद्यावरच्या पंच्याने बाक पुसायचे. मग आम्ही बसायचो. पावसाची झिमझिम, छत्र्या, वहिनींची शेंगांची पुडी. दुबईत मिनिटभर न टेकणारे जगदाळे तासन्‌तास हलायचे नाहीत. एकदा पहाटे टायगर हिलवरही जाऊन आलो, तिथे पन्नास माणसं ब्लँकेटं पांघरून ढगाकडे बघत उभी होती आणि चहावाली सगळ्यांना सांगत होती, “आज ओपन नहीं होगा.” निखिल चौथ्या दिवसापर्यंत पेम्बाबरोबर मोमोच्या सगळ्या गाड्या पालथ्या घालून मोकळा झाला. आई मात्र रोज विचारायची, “जगदाळे, कुठे बघू ते नीट सांगून ठेवा. मला एकाच ठिकाणचं दिसतं. डोंगर आला आणि मी भलतीकडे बघत बसले, असं नको.”

“समोर, आई. त्या दोन झाडांच्या मधोमध,” जगदाळे सांगायचे. आणि आम्ही सगळेच त्या दोन झाडांच्या मध्ये बघत बसायचो.

निघायची सकाळ उजाडली. सामान जीपमध्ये चढलं होतं. आई म्हणाली, “एकदा बसून येऊ.” गेलो. पाऊस थांबला होता. जगदाळ्यांनी बाक पुसलं, आई बसली, आणि बघता बघता दरीतलं धुकं हललं. दोन झाडांच्या मध्ये, पलीकडच्या रांगेच्या वर, पांढराशुभ्र उंचवटा निघाला. त्याच्यावर ऊन पडलेलं.

आईने जगदाळ्यांचं मनगट घट्ट धरलं. “तोच का हो?”

जगदाळ्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. कॅलेंडरवरचं चित्र त्यांना पाठ होतं. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा उजळला नाही. आई बाकावर पुढे सरकून, मान ताठ करून त्या पांढऱ्यावर नजर लावून बसली होती. तिने परत विचारलं, “सांगा ना, तोच का?”

“हो, आई,” जगदाळे म्हणाले. “तोच.”

आईने हात जोडले. तेवढ्यात त्या उंचवट्याची एक बाजू सुटली, लांबली, आणि डावीकडे वाहून गेली. मंगलवहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. जगदाळे आपल्या बुटांकडे बघत होते. उतरताना ते पुढची सीट सोडून मागे जाऊन बसले. पेम्बाच एकदा आपणहून ‘यल्ला’ म्हणाला, पण कुणी हसलं नाही.

विमानतळावर मी त्यांना बाजूला घेऊन आभार मानायला गेले, तर म्हणाले, “बाई, तेवढं नका करू. उगाच मनाला जास्त लागतं.”

त्या वर्षी ते गणपतीला मंडळात आलेच नाहीत. कुणी ‘दर्शन?’ विचारलं असतं तर एकतर आईसमोर खरं सांगावं लागलं असतं, नाहीतर शंभर माणसांसमोर खोटं. इकडे आई भेटेल त्याला सांगत होती, “मला दिसला हो. जगदाळ्यांनी दाखवला.” मी गप्प राहायचे. मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटत होते आणि तो आमच्या घरासमोरून जाताना रस्ता बदलत होता. पुढची दोन-तीन वर्षं ते जुलैत दार्जिलिंगलाही गेले नाहीत. केबिनमधलं कॅलेंडर काढलेलं मला दिसलं, पण मी विचारलं नाही. पालकांना मात्र तासाचे तासच सांगत राहिले.

मग ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशीही आवारात उभं राहून शेवटची बस गेटबाहेर पडेपर्यंत शिट्टी वाजवली, मग ती शिट्टी रुमालात गुंडाळून खिशात टाकली. रात्री आमच्याकडे जेवायला बोलावलं होतं. आईला तोवर फक्त उजेड-अंधार कळत होता. तरीही जेवताना त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे मान वर करून बघितलं नाही. निघताना वाकून पाया पडले. आई म्हणाली, “आता जुलैचं बंधन नाही तुम्हाला.” ते ‘हो’ म्हणाले आणि जिना उतरून गेले. मी त्यांना शेवटचं बघितलं ते तेव्हाच; पाठमोरे, एकेक पायरी सावकाश उतरणारे.

त्याच नोव्हेंबरात, एका शुक्रवारी भल्या सकाळी फोन वाजला. सुट्टीच्या दिवशी या वेळी कोण तडफडतंय म्हणत मी उचलला.

“बाई, आईंना द्या. दार्जिलिंगहून बोलतोय, आपल्या बाकाजवळच्या फोन बूथवरनं.”

मी आईला खुर्चीत बसवलं आणि स्पीकर लावला.

“आई,” जगदाळे म्हणाले, “मी थाप मारली होती. तो ढग होता.”

“ठाऊक आहे मला,” आई म्हणाली. “डोंगर कधी डावीकडे जातो का? काचबिंदू झाला होता, आंधळी नव्हते झाले तेव्हा.”

पलीकडे नुसता बूथच्या मीटरचा आवाज.

“मग तुम्ही हात का जोडलेत?”

“ते तुम्हाला जोडले. जन्मात कधी थाप न मारणारा माणूस, माझ्यासाठी मारलीत.”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला रडू आलं, आणि ते मी मुळीच आवरलं नाही. मग जगदाळे म्हणाले, “आई, आता खरं सांगतो. बूथच्या दारातनं दिसतोय मला. नीट ऐका. समोर बघा. ती दोन झाडं. त्यांच्या मध्ये आत्ताही ढगच आहे. तो सोडा. आता मान वर करा.”

आईने मान वर केली.

“अजून वर. अजून. तिथं आभाळच असणार असं वाटतं ना, तिथं. आपण सगळे चुकीच्या जागी बघत होतो, आई. मीच खाली दाखवत होतो. हा वर आहे. खाली कशालाच टेकलेला नाही. दादा बोलला होता तसाच, अगदी तसाच. दादा खरं बोलत होता.”

“कसा आहे?” आईने विचारलं. तिचं तोंड छताकडे होतं, डोळे उघडे.

जगदाळे सांगायला लागले. डावीकडून उजवीकडे, एकेक शिखर, पायरी पुकारावी तसं. मागून मंगलवहिनींचा आवाज आला, “अहो, मीटर केवढा झालाय बघा. पेम्बा पण थांबलाय खाली. किती वेळ अजून?”

“पाच मिनिटं,” जगदाळे म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.

आई बराच वेळ तशीच मान वर करून बसली होती. माझा चहा गार झाला, यजमान उठले, निखिल उठला, तरी फोन चालूच होता.